श्रद्धेच्या भांडणात सैल बसायची रीत

देव आहे की नाही याचं उत्तर एकदाचं सापडलं की मन शांत होईल, असं पुष्कळांना वाटतं. आजूबाजूला बघितलं तर तसं काही दिसत नाही. पक्का आस्तिक आणि पक्का नास्तिक सारख्याच तावातावाने भांडतात, दोघांचीही झोप उडते, आणि शेजारी ‘असेल, नसेल, बघू’ म्हणणारा एखादा निवांत घोरत असतो. तेव्हा निवांतपणा उत्तरात नसावा. प्रश्न किती घट्ट धरला आणि कुठे सोडून दिला, यावर तो ठरतो. मराठीत ‘धरसोड’ हा शब्द उगाच बदनाम झालाय. इथे तेच कौशल्य लागतं, आणि ते शिकता येतं. ते कुठे फसतं हेही जुन्या लोकांनी बऱ्यापैकी तपशिलात लिहून ठेवलंय.

आधी शब्द

भांडण सुरू होण्याआधीच निम्मं बिघडलेलं असतं, कारण दोघे एकच शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरत असतात. ‘नास्तिक’ हाच शब्द घ्या. आज त्याचा अर्थ देव न मानणारा. मनुस्मृतीत मात्र ‘नास्तिको वेदनिन्दकः’ आहे, म्हणजे वेदाची निंदा करणारा. पाणिनीच्या सूत्रावर (४.४.६०) टीकाकार सांगतात की परलोक आहे अशी ज्याची मती तो आस्तिक. एकाच शब्दाचे हे तीन वेगळे निकष झाले. म्हणूनच पूर्वमीमांसक, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे लोक, जग निर्माण करणारा ईश्वर नाकारतात, त्यांचाच कुमारिल भट्ट श्लोकवार्तिकात त्याविरुद्ध सविस्तर युक्तिवाद करतो, आणि तरीही हे दर्शन आस्तिकांत मोजलं जातं. आजच्या अर्थाने नास्तिक असलेला माणूस जुन्या अर्थाने कडवा आस्तिक असू शकतो.

‘अज्ञेयवाद’चं उलट झालंय. ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ या ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण तो वापरतो, तो इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी १८६९ मध्ये घडवला. त्यांचा आग्रह असा की हा पंथ नाही, ही पद्धत आहे: पुरावा नसताना खात्रीचा दावा करायचा नाही. मराठी शब्दात ‘जाणताच येणार नाही’ असा एक नवाच दावा शिरलाय. ‘मला माहीत नाही’ आणि ‘कुणालाच कधी कळणार नाही’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. दुसरं वाक्य सिद्ध करायला पहिल्याहून कितीतरी जास्त कष्ट पडतील.

त्यामुळे ‘तू देव मानतोस का?’ या प्रश्नाला लगेच हो-नाही म्हणू नये. आधी विचारावं, ‘तुझ्या मते देव म्हणजे काय?’ उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात. एक, प्रार्थना ऐकणारा, रागावणारा, मधे पडणारा कुणीतरी. दोन, हे सगळं जिच्यामुळे आहे अशी मूळ सत्ता किंवा कारण. तीन, चांगुलपणाला, निसर्गाला किंवा विस्मयाला दिलेलं नाव. पहिल्याबद्दल साशंक, दुसऱ्याबद्दल अनिश्चित आणि तिसऱ्याबद्दल ‘नाव काहीही द्या, हरकत नाही’ अशी एकाच माणसाची एकाच वेळी भूमिका असू शकते. हे कळलं की स्वतःला एकाच खणात कोंबायची घाई कमी होते. निम्मा ताण त्या घाईचाच असतो.

एका भांडणातली तीन भांडणं

कागद आडवा धरून तीन रकाने आखा. पहिल्यात ‘काय खरं आहे’, दुसऱ्यात ‘काय करायचं’, तिसऱ्यात ‘आपण कुणाचे’. मग गेल्या दोन-तीन वादांत उच्चारलेली वाक्यं आठवून ज्या त्या रकान्यात टाका. मतं लिहू नका, वाक्यं लिहा, जशी बोलली गेली तशी.

समजा, घरातला कुणी प्रार्थनेला बसायचं बंद करतो. ‘तुझा विश्वासच उरला नाही’ हे वाक्य पहिल्या रकान्यातलं दिसतं. ‘निदान सणाच्या दिवशी तरी बसत जा’ हे दुसऱ्यातलं. ‘लोक काय म्हणतील, आम्ही काय कमी केलं तुला’ हे तिसऱ्यातलं. दहा वाक्यं लिहिली की बहुधा असं दिसतं की ओरडा पहिल्या रकान्याच्या भाषेत चाललाय आणि दुखतंय तिसऱ्यात. आईला सृष्टीच्या उत्पत्तीची चिंता नसते, मुलगा दुरावतोय याची असते. तिला विश्वाच्या वयावरचे मुद्दे ऐकवून उपयोग होत नाही, कारण ज्या रकान्यात जखम आहे तिथे त्यातलं काहीच पोचत नाही. तिथे पोचतं ते वाक्य वेगळंच असतं: ‘मी बसणार नाही, पण तुझं आटपेपर्यंत इथेच आहे. मग आपण बोलू.’

चूक उलट्या बाजूनेही होते. काहींना खरोखरच पहिल्या रकान्यातला प्रश्न पडलेला असतो आणि त्यांना ‘अरे, सगळे करतात म्हणून करायचं’ असं दुसऱ्या रकान्यातलं उत्तर मिळतं. मग वाटतं की आपल्याला कुणी गंभीरपणे घेतच नाही. दोन्हीकडे दुरुस्ती एकच: ज्या रकान्यातला प्रश्न, त्याच रकान्यातलं उत्तर.

कोणत्या प्रश्नावर निर्णय घ्यायचाच

१८७७ मध्ये गणिती विल्यम क्लिफर्ड यांनी एका निबंधात जहाजमालकाचं उदाहरण दिलं. जहाज जुनं आहे, शंका आहे, तरी मालक मनाची समजूत घालून ते माणसांसह समुद्रात सोडतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतात, ते सुखरूप परतलं असतं तरी मालक दोषी, कारण अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. १८९६ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी उत्तर दिलं: काही वेळा पुरावा निकाल देऊ शकत नाही आणि थांबणं हाही निर्णयच ठरतो. अशा वेळी मनाच्या ओढीने निवड करायला माणूस मोकळा आहे. त्यासाठी त्यांनी तीन अटी घातल्या. पर्याय जिवंत हवा, म्हणजे तुम्हाला तो मनापासून शक्य वाटायला हवा. तो टाळता न येणारा हवा. आणि तो मोठा हवा, एकदाच येणारा, सहज मागे न घेता येणारा.

वाद कोणी जिंकला ते बाजूला ठेवू. तीन अटींची ही चाळणी रोजच्या कामाला फार उपयोगी आहे. मृत्यूनंतर काही आहे का? प्रश्न मोठा आहे, पण आज रात्रीपर्यंत ठरवलंच पाहिजे असं काही नाही, टाळता येतो. दूरच्या एखाद्या पंथाची देवता खरी का? बहुतेकांसाठी पर्याय जिवंतच नाही. मुलाला कोणत्या परंपरेत वाढवायचं? जिवंत, मोठा आणि टाळता न येणारा, कारण न ठरवताही मूल कशात तरी वाढतंच. पहिली अट अनेकजण विसरतात आणि जे आपल्याला कधीच पटणार नव्हतं ते खोडण्यात संध्याकाळी घालवतात. चाळणीतून दोन-तीन प्रश्नच खाली येतील. निर्णय तेवढ्यांचाच घ्यायचा. बाकीचे उघडे ठेवून जगता येतं.

खात्रीचा आकडा

उघड्या ठेवलेल्या प्रश्नांसाठी ‘हो’ किंवा ‘नाही’ न लिहिता ० ते १०० मधला आकडा लिहावा. ‘प्रार्थनेने आजाराचा मार्ग बदलतो: ५.’ ‘जगाच्या मुळाशी काही हेतू आहे: ३५.’ आकडे अचूक नसतात आणि तसा आवही आणायचा नाही. त्यांचा उपयोग असा की ३५ ला ५० झालं तर आकाश कोसळत नाही. ‘नाही’चं ‘हो’ करताना मात्र आयुष्य कोसळल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस चुकीच्या ‘नाही’लाही चिकटून बसतो.

समोरचा हुशार आहे, प्रामाणिक आहे, त्याने तेच वाचलंय आणि तरी तो उलट सांगतो. मग आकडा किती हलवायचा? तत्त्वज्ञ डेव्हिड क्रिस्टेन्सन यांनी २००७ मध्ये यावर साधं उदाहरण दिलं. पाच जण जेवायला गेले, बिल वाटून घ्यायचं. मी मनात हिशोब करून प्रत्येकी ४३ डॉलर म्हणतो, तितकाच हिशोबी मित्र ४५ म्हणतो. आता ‘माझंच बरोबर’ म्हणत राहणं वेडेपणा आहे. खात्री खाली आणायची आणि पुन्हा मोजायचं.

श्रद्धेच्या वादात मात्र हे उदाहरण पूर्ण बसत नाही, आणि सैलपणाच्या नादात लोक इथेच घसरतात. बिलात पुन्हा मोजायची सोय आहे, दोघांनाही मान्य असा हिशोब आहे. इथे काय पुरावा मानायचा यावरच मतभेद असतो: एकाला ग्रंथ चालतो, दुसऱ्याला चालत नाही. त्यामुळे ‘सगळे म्हणतात म्हणून माझा आकडा सरळ ५०’ ही नम्रता वाटते, पण तो आळस आहे. माझं मत असं की मतभेदाने आकडा थोडाच हलावा, पण ‘समोरचा मूर्ख किंवा लबाड आहे’ हा निष्कर्ष मात्र पूर्ण गळून पडावा. सैलपणापुरतं तेवढं पुरतं.

आकडे खोटे निघतात ते एका ठराविक कारणाने. जे कधी समजावून सांगावं लागलेलं नाही ते आपल्याला नीट कळलंय असं वाटतं. २००२ मध्ये रोझेनब्लिट आणि कील या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना झिप, कुलूप अशा साध्या वस्तू कशा चालतात याची आपली समज ७ पैकी किती ते विचारलं, मग सविस्तर समजावून लिहायला लावलं आणि पुन्हा विचारलं. आकडे घसरले. तेव्हा आकडा लिहिण्याआधी ‘हे नेमकं कसं घडतं’ याच्या पाच ओळी लिहून बघाव्यात. कर्माचं फळ कसं पोचतं, किंवा जडातून जाणीव कशी उगवते. कुठल्याही बाजूचे असा, तिसऱ्या ओळीला पेन अडखळतं.

निकाल तहकूब

ग्रीक संशयवाद्यांनी यातली कला सगळ्यात बारकाईने घासून ठेवली. त्यांचा मूळ पुरुष पायरो सिकंदराच्या स्वारीबरोबर भारतापर्यंत आला आणि इथल्या नग्न साधूंना भेटला, असं त्याचा चरित्रकार डायोजेनिस लाएर्शियस सांगतो. सविस्तर कृती मात्र सेक्स्टस एम्पिरिकस या वैद्याच्या ग्रंथात मिळते. एका दाव्यासमोर तितक्याच वजनाचा उलटा दावा मांडायचा, दोन्ही पारडी समान झाली की निकाल तहकूब करायचा, आणि त्यामागून शांतता येते. कशी येते, यासाठी तो अपेलीस या चित्रकाराची गोष्ट देतो. अपेलीसला घोड्याच्या तोंडाचा फेस काही केल्या रंगवता येईना. वैतागून त्याने कुंचले पुसायचा बोळा चित्रावर फेकला आणि त्या डागाने हवा तसा फेस उमटला. शांतता अशी मागून येते, तिच्यावर नेम धरला की हुकते. ‘मला आता शांत व्हायचंय’ असं ठरवून केलेली तहकुबी टिकत नाही, हे या गोष्टीतलं कामाचं वाक्य आहे.

मग जगायचं कसं, सकाळी उठून काय करायचं? संशयवाद्यांवरचा हा नेहमीचा आक्षेप. सेक्स्टसकडे उत्तर तयार आहे. चार गोष्टी वाट दाखवतात: निसर्गाने दिलेली इंद्रियं आणि बुद्धी, भूक-तहानेसारखी निकड, चालत आलेले कायदे आणि रीती, आणि शिकलेले कलाकौशल्य. रीतीप्रमाणे तो देवांची पूजाही करतो, फक्त त्यावर ठाम सिद्धांत मांडत नाही. पायरोला तर त्याच्या गावाने मुख्य पुजारी नेमलं होतं, असं तोच चरित्रकार लिहितो. मला हा तपशील भारी आवडतो. संशयवाद्यांचा मूळ पुरुष गावचा पुजारी आणि कुणालाही त्यात अडचण नाही!

पण हे जसंच्या तसं उचलू नये. दोन्ही पारडी नेहमी समान नसतात. पृथ्वी काही हजार वर्षांची की काही अब्ज, इथे पारडं पुरतं झुकलेलं आहे, आणि ते ओढून समान करणं म्हणजे डोळे मिटणं. तहकुबी त्याच प्रश्नांना शोभते जिथे दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडून झाल्यावरही काटा मधे राहतो.

दुसरा बिघाड जास्त ओळखीचा आहे. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या ब्रह्मजालसुत्तात अमराविक्खेपिक नावाच्या लोकांचं वर्णन येतं. अमरा म्हणजे हातातून सुळकन निसटणारा मासा. काहीही विचारा, ‘मी असं म्हणत नाही, तसंही म्हणत नाही, दोन्ही नाही असंही म्हणत नाही.’ सुत्त तिथे न थांबता ते असं का करतात याची चार कारणं देतं: चुकीचं बोललं जाईल ही भीती, एखाद्या मताला चिकटून बसू ही भीती, कुणी उलटतपासणी घेईल ही भीती, आणि चौथं म्हणजे निव्वळ मंदपणा. स्वतःच्या ‘मला काही ठरवायचं नाही’ला ही चार कारणं लावून पाहावीत. तिसरं निघालं तर ती शांतता नाही, परीक्षा चुकवणं आहे. ओळखायची खूण सोपी: निवांत माणूस ‘हे मला माहीत नाही, पण एवढं मला वाटतं’ असं म्हणू शकतो. निसटणाऱ्याला दुसरं अर्धं वाक्य जमत नाही.

बाण आणि औषध

प्रश्न उघडा ठेवायचं आणखी एक कारण आहे, पुराव्याशी संबंध नसलेलं. मज्झिमनिकाय या दुसऱ्या पाली ग्रंथातल्या ६३ व्या सुत्तात मालुंक्यपुत्त हा भिक्षू बुद्धाकडे दहा प्रश्नांची उत्तरं मागतो: जग शाश्वत की अशाश्वत, सांत की अनंत, जीव आणि शरीर एक की वेगळे, तथागत (म्हणजे बुद्ध) मृत्यूनंतर असतो, नसतो, दोन्ही की दोन्ही नाही. उत्तर मिळालं नाही तर संघ सोडीन म्हणतो. बुद्धाचं उत्तर म्हणजे विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत. बाण मारणारा कोणत्या वर्णाचा, धनुष्य कोणतं, दोरी कशाची हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हटलं तर माणूस मरेल. उत्तरं खोटी आहेत असं बुद्ध म्हणत नाही. दुःख संपवायच्या कामाशी त्यांचा संबंध नाही, एवढंच म्हणतो.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसची (इ.स.पू. ३४१–२७०) वाट वेगळी. त्याच्या मते देव आहेत, पण पूर्ण सुखात असलेला माणसांच्या भानगडीत कशाला पडेल? म्हणून त्यांची भीती नको. त्याच्या अनुयायांनी शिकवण चार ओळींत बांधली आणि तिला ‘चार औषधांचा काढा’ म्हटलं: देवाची भीती नाही, मृत्यूची चिंता नाही, जे चांगलं ते मिळायला सोपं, जे वाईट ते सोसायला सोपं. या ओळी इटलीतल्या हर्क्युलेनियम या प्राचीन गावाच्या जळक्या गुंडाळ्यांत सापडल्या, इ.स. ७९ मध्ये वेसुवियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या ग्रंथालयात.

या काढ्याचा दुसरा डोस सगळ्यांना लागू पडत नाही. ‘मृत्यू आहे तेव्हा आपण नाही, मग घाबरायचं काय’ हा युक्तिवाद मेल्यानंतरच्या यातनांची भीती उतरवतो. पण पुष्कळांची भीती ती नसतेच. जे राहून जाईल त्याची हळहळ असते, आणि तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७० मध्ये नेमकं हेच दाखवलं: मृत्यूचं वाईटपण वेदनेत नाही, हिरावून घेण्यात आहे. म्हणून आधी भीती कोणती ते ओळखावं. शिक्षेची असेल तर एपिक्युरस कामाचा. हळहळीची असेल तर तत्त्वज्ञान बाजूला ठेवून जे राहतंय त्यातलं एक काम हातात घेतलेलं बरं. प्रियजन गेल्याचं दुःख असेल तर दोन्ही नको, माणसं हवीत. शोकात असलेल्याला ‘परलोक नाही’ किंवा ‘ही देवाची इच्छा’ यातलं काहीही ऐकवणं सारखंच निर्दय.

बोलताना

न्यायसूत्रांनी (१.२.१ ते ३), म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथाने, चर्चेचे तीन प्रकार केले. वाद: प्रमाण आणि तर्काने, खरं काय ते शोधण्यासाठी. जल्प: जिंकण्यासाठी, त्यात छल (समोरच्याच्या शब्दाचा अर्थ फिरवणं), जाती (वरवरच्या साम्यावरून केलेलं फसवं खंडन) वगैरे युक्त्या चालतात. वितंडा: स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचा पाडायचा. मराठीत आपण ‘वाद घालू नकोस’ म्हणतो तेव्हा बहुधा जल्प किंवा वितंडा चाललेली असते. बिचारा वाद फुकट शिव्या खातो.

प्रकार ओळखायला पहिल्या पाच मिनिटांत दोन प्रश्न पुरतात. ‘काय दिसलं तर तुझं मत बदलेल?’ आणि ‘तुझा स्वतःचा पक्ष काय?’ पहिल्याला ‘काहीही झालं तरी नाही’ असं उत्तर आलं तर जल्प आहे. दुसऱ्याला उत्तरच आलं नाही तर वितंडा. दोन्हीतून उठायला संकोच नको. अर्थात हे प्रश्न आधी स्वतःला विचारायचे. अनेकदा तिथेच कळतं की आपण वादाला बसलेलोच नाही.

वाद खरा असेल तर सगळ्यात उपयोगी पायरी पूर्वपक्षाची. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत इतकं नीट मांडायचं की तो म्हणेल, ‘हो, हेच म्हणायचंय मला.’ त्याने मान हलवेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. हे तीन-चार वाक्यांत व्हावं. लांबलं की त्यात टोमणे शिरतात. ‘म्हणजे तुला म्हणायचंय की…’ या सुरुवातीने तर हमखास विपर्यासच येतो. ‘मला कळलं ते असं, चुकलं तर सांग’ ही सुरुवात बरी.

छलाचं जुनं उदाहरण गमतीचं आहे. कुणी म्हणतो, हा नवकंबल आहे, म्हणजे नवी घोंगडी असलेला. समोरचा म्हणतो, कुठे आहेत नऊ घोंगड्या? श्रद्धेच्या वादात ‘विश्वास’ या शब्दावर हाच खेळ रोज चालतो: ‘तुझा विज्ञानावर विश्वास, माझा देवावर, दोन्ही सारखंच.’ एक विश्वास पडताळलेल्या पद्धतीवर टाकलेला भरवसा, दुसरा आयुष्याची निष्ठा. दोन्हींना मान देता येतो, पण नवी आणि नऊ यांची गल्लत करून नव्हे. समोरून असं आलं तर चिडायचं कारण नाही. ‘इथे विश्वास कोणत्या अर्थाने?’ एवढं विचारलं की गाडी रुळावर येते, किंवा निदान थांबते.

अशोकाच्या बाराव्या शिलालेखात याला ‘वचिगुति’ म्हटलंय, बोलण्यावरचा ताबा. अकारण आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नये; करणारा आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. कारण असलं तर निंदा करावी का? लेखात ‘अशा वेळीही हलकेच’ असं सुचवलंय. टीका नकोच, असं तो म्हणत नाही.

सैल कुठे राहू नये

हे सगळं मतांबद्दल झालं. कृतीला दुसरं माप लागतं, आणि इथे सैलपणा म्हणजे भित्रेपणा ठरू शकतो. चार गोष्टी तपासाव्यात. इजा तिसऱ्याला होतेय का? त्याची संमती आहे का, आणि ती देण्याइतका तो मोठा व मोकळा आहे का? झालेलं नुकसान भरून येईल का? कुणी त्यातून पैसा किंवा सत्ता मिळवतोय का? आजारी मुलाचे उपचार श्रद्धेपोटी थांबवले जात असतील तर ‘ज्याचा त्याचा विश्वास’ हे वाक्य तिथे लागू होत नाही, कारण मुलाचा विश्वास कुणी विचारलेलाच नाही. भूतबाधेच्या नावाखाली मारहाण, भीती दाखवून उकळलेला पैसा, जन्मावरून नाकारलेला माणूसपणा हीही त्याच यादीतली. एखाद्या प्रौढ माणसाने स्वतःच्या वेळेत आणि स्वतःच्या पैशाने केलेली उपासना मात्र चारही प्रश्नांतून सुखरूप बाहेर येते, तुम्हाला ती कितीही हास्यास्पद वाटो.

मधला भाग अवघड. कुणी औषध चालू ठेवून वर नवसही बोलतो, तिथे काहीच बोलायची गरज नाही. औषध सोडायचं म्हणाला तर देवाचा विषय न काढता औषधाबद्दलच बोलावं. ‘नवस ठेव, गोळीही घे’ या वाक्याने जे काम होतं ते श्रद्धा खोडून होत नाही, उलट गोळी हा दोन पक्षांतल्या भांडणाचा झेंडा होऊन बसते.

एक पान

हे सगळं शेवटी एका पानावर उतरवावं, त्याहून जास्त नको, आणि वर तारीख घालावी. पानात काय असावं? ‘देव’ शब्दाच्या तीन अर्थांपुढे तीन आकडे. निर्णय घेतलेले दोन-तीन प्रश्न आणि तो निर्णय. उघडे ठेवलेले प्रश्न, प्रत्येकापुढे कारण: पारडी समान म्हणून, की कामाशी संबंध नाही म्हणून. मी कोणत्या विधींना हजर राहीन, कोणत्यांत भाग घेईन, कशाला नम्रपणे नाही म्हणेन. हजर राहणं आणि भाग घेणं या दोन वेगळ्या ओळी ठेवाव्यात, बहुतेक घरगुती तंटे या दोहोंच्या गोंधळातून होतात. आणि कोणत्या गोष्टीवर मी गप्प बसणार नाही.

पान दुसऱ्याला पटवायला नाही, दाखवायची सक्तीही नाही. वर्षाने पुन्हा काढावं आणि जुन्यावर खाडाखोड न करता नवं लिहावं. दोन शेजारी ठेवले की काय हललं ते दिसतं. काहीच हललं नसेल तर त्या वर्षात उलट बाजूचं काही मनापासून वाचलं का, ते तपासावं. सगळंच हललं असेल तर शेवटच्या भेटलेल्या माणसाची मतं आपण उचलतो का, ते.

पान सगळ्यात आधी कामाला येतं ते मूल विचारतं तेव्हा: ‘देव खरंच आहे का?’ चार-पाच वर्षांच्या मुलाला व्याख्यान नको असतं. ‘काही जणांना वाटतं आहे, काही जणांना वाटतं नाही. मला असं वाटतं. तुला काय वाटतं?’ एवढी चार वाक्यं पुरतात, आणि चौथ्यानंतर खरंच गप्प बसून ऐकायचं असतं. आई-बाबांची मतं वेगळी असतील तर पहिली दोन वाक्यं दोघांनी आधीच ठरवून ठेवावीत, तिसरं ज्याचं त्याचं. एकाने ‘बाबांना काही कळत नाही’ आणि दुसऱ्याने ‘आई उगाच घाबरते’ असं भर टाकलं की मूल देवाबद्दलचा प्रश्न सोडून देतं आणि कोणाच्या बाजूला जायचं याचा हिशोब करू लागतं.